लांबलचक फोल्डरला एका अक्षराचं नाव कसं द्यायचं

दादरला कुणाला भेटायचं असलं की आपण पिनकोडसकट पत्ता सांगतो का? "प्लाझाला ये" म्हणतो, झालं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या त्या कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, रोज तो हातभर पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, का टाइप करायचा? आमच्या फोर्टमधल्या ऑफिसात मी दोन वर्षं तेच करत होतो, सी ड्राइव्ह, त्यात यूझर्स, त्यात कुणीतरी कधीतरी बनवलेलं "न्यू फोल्डर 3", त्यात क्लायंट, वर्ष, जीएसटी, आणि मध्येच एक स्पेस राहिली की पुन्हा पहिल्यापासून.

विंडोजमध्ये यावर सब्स्ट नावाची कमांड आहे, डॉसच्या जमान्यातली, स्पेलिंग एस-यू-बी-एस-टी. कुठलाही फोल्डर घ्या, त्याला एक ड्राइव्हचं अक्षर चिकटवा, बस. मी इथे कमांड देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

आधी पाथ उचला. हाताने टाइप करू नका, फोल्डरवर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, "कॉपी ॲज पाथ" दिसेल. याचा फायदा म्हणजे पाथ डबल कोटसकट कॉपी होतो, त्यामुळे नावात स्पेस असली तरी टेन्शन नाय. मग स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि हे टाका:

सब्स्ट झेड: "सी:\क्लायंट\2024-25\जीएसटी\पार्टी वाइज"

अक्षर आधी, खरा फोल्डर नंतर, आणि झेडनंतरचा कोलन विसरू नका. एंटर मारल्यावर काहीच झालं नाही असं वाटेल, म्हणजे काम झालं, चुकलं असतं तर बोंबलला असता. आता नुसतं झेड आणि कोलन टाइप करून एंटर मारा, थेट आत. इथे बरेच जण सीडी झेड: असं करतात आणि आहेत तिथेच राहतात, कारण सीडी ही फोल्डर बदलायची कमांड, ती नुसती ड्राइव्ह बदलत नाही, सीडीच वापरायची तर मध्ये स्लॅश डी लावावं लागतं. अक्षर मात्र रिकामं निवडा, सी किंवा डी नकोच, पेनड्राइव्ह सहसा ई, एफ असं पुढचं अक्षर पकडतो म्हणून मी शेवटाकडून सुरुवात करतो.

नुसतं सब्स्ट टाइप केलं की कुठलं अक्षर कुठे जातं त्याची यादी येते. काढायचं असेल तर सब्स्ट झेड: स्लॅश डी, यात फक्त अक्षर जातं, फोल्डर जिथल्या तिथे.

आता माझा पराक्रम ऐका. मला वाटलं झेडमध्ये कॉपी आहे, खरा माल सीमध्ये सेफ आहे, म्हणून जागा करायला झेडमध्ये जाऊन डेल स्टार-डॉट-स्टार, म्हणजे इथल्या सगळ्या फाइली उडव, असं मारलं आणि वाय दाबलं. सगळी मार्चची बिलं गेली. कॉपी-बिपी काही नसते हो, तोच फोल्डर, दुसरं नाव! आणि कमांडने उडवलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही. जागा तरी कुठून होणार होती म्हणा, झेडची साइज बघाल तर ती सी ड्राइव्हचीच दिसते, तेव्हाच कळायला हवं होतं. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण ती संध्याकाळ आणि नेहमीची बोरिवली फास्ट दोन्ही हातची गेली.

दुसरं, पीसी रीस्टार्ट केला की मॅपिंग, म्हणजे अक्षर आणि फोल्डरची ही जोडी, गायब. त्यासाठी नोटपॅडमध्ये तीच सब्स्टची ओळ लिहा, सेव्ह करताना टाइपमध्ये "ऑल फाइल्स" निवडून नावाच्या शेवटी डॉट बॅट द्या, नाहीतर नोटपॅड गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवतो. मग विंडोज की आणि आर दाबून शेल:स्टार्टअप टाका, जो फोल्डर उघडेल त्यात ही फाइल ठेवा. लॉगिन केलं की झेड आपोआप येतो.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत झेड सापडत नसेल तर घाबरू नका, तिची ड्राइव्हची यादी वेगळी असते, तिथे परत सब्स्ट करावं लागतं.

हे रोजचं रडगाणं नको असेल तर जंक्शन बरं, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षराऐवजी खऱ्या फोल्डरकडे नेणारा छोट्या नावाचा फोल्डर:

एमकेलिंक /जे सी:\जीएसटी "सी:\क्लायंट\2024-25\जीएसटी\पार्टी वाइज"

नवं छोटं नाव आधी, खरा पाथ नंतर, आणि ते छोटं नाव आधीपासून फोल्डर म्हणून असता कामा नये. हे रीस्टार्टनंतर टिकतं, ॲडमिनलाही दिसतं, फक्त सीएमडीमध्येच चालवा, पॉवरशेल ही विंडोजची दुसरी कमांडची खिडकी ही कमांड ओळखत नाही. काढताना आरएमडीआयआर सी:\जीएसटी, पुढे स्लॅश एस अजिबात लावायचं नाही.

तरी मी सब्स्ट सोडलेलं नाही, कारण विंडोजमध्ये पाथ साधारण 260 अक्षरांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्राम अडतात आणि आमच्या क्लायंटच्या झिप फाइलींची नावं म्हणजे मालगाडी, झेडमधून उघडलं की पाथच्या सुरुवातीची सगळी अक्षरं कमी होतात. ऑफिसात आता "झेडवर टाक" हाच शब्द झालाय. परवा नवीन आर्टिकल, म्हणजे सीए शिकायला आलेला पोरगा, अर्धा तास आपल्या पीसीवर झेड शोधत बसला होता, शेवटी म्हणाला, "दादा, माझ्याकडे झेडच नाय." म्हटलं, "नसणारच रे, तो माझ्या लॉगिनचा आहे, तुझा तू बनव."