जुनी गाडी ऑनलाइन घेताना या चुका टाळा

दसरा-दिवाळी जवळ आली की माझ्या फोनवर लिंका यायला लागतात. ‘२०११ ची स्विफ्ट, डिझेल, फर्स्ट ओनर, सिंगल हँड, बघ ना जरा.’ पुढच्या मेसेजमध्ये कळतं की टोकन देऊन झालंय आणि रविवारी गाडी आणायला जायचंय. म्हणजे सल्ला नको असतो, होकार हवा असतो. तो मी देत नाही आणि त्यावरून काही जण नाराज झालेले आहेत.

दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी घ्यायला माझा विरोध नाही. दीड-दोन लाखांत घरच्यांना पावसापाण्यात नेणारी गाडी मिळते, नीट शोधली तर पुढची पाच-सात वर्षं चालतेही. पण एवढ्या जुन्या गाडीला मोठे वॉरंटी देणारे विक्रेते सहसा हात लावत नाहीत. त्यामुळे ती जाहिरातींमधून फिरते: मालकाकडून एजंटकडे, एजंटकडून दुसऱ्या एजंटकडे. फोटोत पत्रा दिसतो. बाकी सगळं तुम्हाला शोधून काढायचं असतं आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

गाडी न बघता टोकन

हे थोडक्यात सांगतो, कारण याला अपवाद नाही. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी आहे, गेटपासचे पैसे भरा, गाडी घरी येईल’ ही फसवणूक वर्षानुवर्षं चालू आहे. ओळखपत्राचा फोटो येतो, गणवेशातला फोटो येतो, बाजारभावापेक्षा लाखभराने कमी किंमत येते. गाडी येत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

‘नाव काय, नंतर करून घेऊ’

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक ही आहे, आणि सगळ्यांत जास्त लोक हीच करतात.

नाशिकच्या माझ्या एका मित्राच्या धाकट्या भावाने एका एजंटकडून आय-टेन घेतली. गाडी खरंच चांगली होती, मी ती नंतर चालवून बघितली आहे. एजंटने आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला दिला, मूळ मालकाच्या सहीचे टीटी फॉर्म दिले, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे. सही होती, तारीख, घेणाऱ्याचं नाव, सगळं कोरं. ‘तुमच्या सोयीने भरा’ असं सांगितलं गेलं. या पोराला ती सोय वाटली. लग्नाची गडबड होती, त्यात तीन-चार महिने गेले.

मग आरटीओचं काम करणाऱ्याकडे कागद गेले. त्याने सांगितलं की मूळ मालकाच्या नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी जाईल, त्यांना फोन करून ठेवा. फोन त्यांच्या पत्नीने उचलला. मालक वारून वर्ष उलटून गेलं होतं. त्यांनी गाडी एका एजंटला विकली होती, त्याने ती दुसऱ्याला दिली आणि सही केलेले कोरे फॉर्म गाडीसोबत हातोहात फिरत राहिले.

आता रस्ता एकच होता. मालक वारला की आधी गाडी वारसाच्या नावावर होते, त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती. त्यानंतर वारसाकडून घेणाऱ्याच्या नावावर. एक मुलगा परदेशात, मुलगी बेंगळुरूला, आणि दोघांच्या दृष्टीने गाडीचा विषय केव्हाच संपलेला. त्यांनी एका अनोळखी माणसासाठी कागदपत्रं का करावीत? शेवटी त्या बाईंनीच मुलांना समजावलं, कारण गाडीची ई-चलनं तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या फोनवर येत होती आणि तो त्रास तिला सहन होत नव्हता. सगळं मार्गी लागेपर्यंत वर्ष होत आलं. तेवढा काळ गाडी सोसायटीत कव्हरखाली उभी होती. एजंटने पहिल्याच आठवड्यानंतर फोन उचलणं बंद केलं होतं.

मोटार वाहन कायद्यात हे स्पष्ट आहे: राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून शहाणा विकणाराही नाव बदलायची घाई करतो. जो ‘काही घाई नाही’ म्हणतो, त्याच्यापासून मी दूर राहतो.

माझी पद्धत अशी. आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस समोर हवा. आजारी असेल तर मी त्याच्या घरी जातो. आधार, आरसी आणि माणसाचा चेहरा, तिन्ही जुळायला हवेत. नोंदलेला मोबाइल चालू आहे ना, ते तिथेच ओटीपी मागवून बघायचं. फॉर्म पूर्ण भरलेले, तारखेसह, सही माझ्यासमोर. मोठी रक्कम मालकाच्याच बँक खात्यात, ‘भावाच्या खात्यात टाका’ चालणार नाही. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी. मधे विक्रेता असेल तर त्याचं अधिकारपत्र मागायचं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांना आरटीओकडून ते घ्यावं लागतं. मागितल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

यातल्या कशालाही वेगळे पैसे लागत नाहीत. एक-दोन दिवस जास्त लागतात, आणि नेमके तेच लोकांना नको असतात.

दिल्ली पासिंगची स्वस्ताई

पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत डीएल नंबरच्या मोठ्या डिझेल गाड्या अर्ध्या भावात दिसतात. कारण सोपं आहे. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. पुढे नियमांत फेरफार झाले, पण तिथल्या जुन्या गाड्यांचा भाव पडला तो पडलाच.

गाडी स्वस्त म्हणून घेता, पण इथे आणल्यावर काय काय लागतं ते आधी मोजा. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, २८ नंबरचा फॉर्म. गाडी चोरीची नाही हे सांगणारा एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल. महाराष्ट्राचा एकरकमी कर. तिकडे भरलेल्या कराचा परतावा हवा असेल तर त्यासाठी वेगळ्या खेपा. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही. ‘एनओसी येतेय, आठवड्यात मिळेल’ असं जाहिरातीत असेल तर एनओसी आल्यावरच भेटा. मी एकाही ओळखीच्या माणसाला एनओसी हातात नसताना परराज्यातली गाडी घेऊ दिलेली नाही.

आरसीची उरलेली मुदत न बघणं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी कारसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर. तपासणीत पास व्हायला पत्रा, दिवे, ब्रेक, धूर हे सगळं ठाकठीक लागतं. पंधरावं वर्ष संपायला तीन-चार महिने उरले की गाड्या जाहिरातीत येतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकलात की नोंदणीची तारीख, मुदत, कितवा मालक, विमा, कर्ज, सगळं दिसतं. ‘फर्स्ट ओनर’ लिहिलेल्या गाडीच्या नोंदीत तिसरा मालक दिसला तर पुढे बोलायची गरजच नाही.

इंजिन गरम असताना गाडी बघणं

विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, दोन-तीन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उचलतं, पहिल्या मिनिटाला काय आवाज करतं आणि सायलेन्सरमधून कोणत्या रंगाचा धूर येतो, एवढ्यात अर्धा निकाल लागतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या सीलची शंका घ्या. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढून बघा. वाफेचा जोरात फवारा येत असेल तर पिस्टन-रिंगांचं काम जवळ आलंय. हे बघायला मेकॅनिक व्हावं लागत नाही.

आणि रात्री, पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली, गाडी कधीच बघू नका. पत्र्याचं डेंटिंग-पेंटिंग उन्हात तिरक्या नजरेने बघितल्यावर दिसतं. कोकणातली किंवा मुंबईच्या किनाऱ्याजवळची गाडी असेल तर खाली वाकून रनिंग बोर्ड, दाराच्या खालच्या कडा आणि पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर बघा. तिथला पत्रा सडला असेल तर नवा रंग काही कामाचा नाही.

पुरातली गाडी

याबद्दल मला राग आहे, म्हणून जास्त लिहितो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण-महाड. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्या बुडालेल्या गाड्या ‘टोटल लॉस’ म्हणून लिलावात काढतात. सगळ्या भंगारात जात नाहीत. काही धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून, लांबच्या जिल्ह्यात विकायला येतात. इंजिन चालतं, एसी चालतो. वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज हळूहळू चढतो आणि वर्षभराने एअरबॅगचा दिवा लागतो, मग काच उतरत नाही, मग भर पावसात गाडी बंद पडते.

अशी एक सेडान माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी घेतली होती. आत सुगंधी परफ्यूमचा इतका वास होता की डोकं दुखावं. त्यांना ते स्वच्छतेचं लक्षण वाटलं. पहिल्या पावसाळ्यानंतर इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्ड उघडला तेव्हा आत वाळलेला गाळ होता. पूर्ण वायरिंग बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याला आला.

म्हणून मी पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढतो. लोक वरचा भाग धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कुणी धूत नाही. तिथे पाण्याची रेषा किंवा माती दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट, फ्यूज बॉक्सच्या खालचे कोपरे, स्टेपनीची खळगी, गालिच्याखालचा स्पंज, हेडलाइटच्या आतली डाग पडलेली रेषा, हेही बघतो. गालिचा उचलू देत नाही असा मालक भेटला तर मी तिथूनच परत फिरतो. परफ्यूम मारलेल्या गाडीत काचा बंद करून दहा मिनिटं बसा, ओलसर कुबट वास वर येतोच.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, डिजिटल मीटरही मागे नेता येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या जुन्या नोंदींशी ताडून बघा, पेडलचं रबर आणि स्टीअरिंगची झीज बघा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. सीएनजी किट आरसीवर चढलेलं नसेल तर सौदा सोडा. चढलेलं असेल तर टाकीच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टचा, म्हणजे दाबाच्या चाचणीचा दाखला मागा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. प्रलंबित चलनं विकणाऱ्यानेच भरायची. शेवर्लेसारखी, २०१७ साली भारतातली विक्री थांबवलेली गाडी असेल तर तुमच्या गावातल्या मेकॅनिकला आधी विचारा की सुटे भाग तो कुठून आणणार.

आणि सगळे पैसे गाडीतच घालू नका. दोन लाख हाताशी असतील तर दीड-पावणेदोनची गाडी बघा. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मी सगळी ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदलतो. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर बेल्ट बदलतो, मालकाने ‘मागच्याच वर्षी टाकलाय’ सांगितलं तरी, बिल नसेल तर बदलतोच. जुन्या सँट्रोला, जुन्या ऑल्टोला बेल्ट आहे, स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आहे, तिचा खळखळाट थंड इंजिनवर ऐकून घ्यायचा.

विम्याचं कामही त्याच आठवड्यात करा. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीबरोबर तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. कंपनीला १४ दिवसांच्या आत अर्ज द्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचाच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरायची तयारी ठेवा.