दहा नोंदी आणि तीन प्रमाण विचलनांची चाळणी

प्रमाण विचलनाचे, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत हे सांगणाऱ्या मापाचे, सूत्र आपल्याला पाठ असेल, असे गृहीत धरते. मलाही पाठ होते, आणि तरीही नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याच सूत्राने मला असे तोंडघशी पाडले की त्याची सल अजून गेलेली नाही.

आरोग्य सर्वेक्षणातील हिमोग्लोबिनच्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे होते. प्रत्येक गावातून दहा महिला, अशी चाळीसेक गावे होती. वरिष्ठांनी तयार मॅक्रो, म्हणजे तक्त्यात आपोआप तपासणी करणारी छोटी आज्ञावली, दिला. गावाच्या सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेलेली नोंद त्यात लाल होत असे. एकही नोंद लाल झाली नाही, म्हणून माहिती निर्दोष असल्याचा शेरा मारून मी अहवाल पुढे पाठवला.

एका गावाच्या नोंदी अशा होत्या: ११.८, १२.०, १२.१, १२.२, १२.४, १२.५, १२.६, १२.९, १३.० आणि १२४. शेवटची नोंद खरे तर १२.४ होती, टंकताना दशांश चिन्ह राहून गेले होते. योग्य नोंदींची सरासरी १२.३९ आणि प्रमाण विचलन ०.३८ येते. त्या एका चुकीने सरासरी २३.५५ झाली आणि प्रमाण विचलन थेट ३५.३ वर गेले. आता तीन प्रमाण विचलनांची वरची मर्यादा काढून पाहा: ती १२९ च्याही पुढे जाते आणि १२४ तिच्या आत आरामात बसतो.

येथे थोडे थांबावे, कारण मी नेमकी येथेच फसले. सूत्रात विचलनांचा, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांचा, वर्ग होत असल्यामुळे दूरच्या नोंदीचा भार अवाढव्य होतो. वरच्या उदाहरणात वर्गांच्या बेरजेचा सुमारे ९० टक्के हिस्सा एकट्या १२४ चा आहे. म्हणजे ज्या फूटपट्टीने चूक मोजायची, तीच फूटपट्टी चुकीमुळे ताणली जाते. नोंदींची संख्या ‘न’ मानली आणि वर्गांच्या बेरजेला (न − १) ने भागले असेल, तर कोणतीही नोंद सरासरीपासून (न − १) ÷ √न इतक्या प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. दहा नोंदींसाठी ही मर्यादा २.८५ आहे. १२४ च्या जागी १२ लाख लिहिले असते, तरी तो मॅक्रो गप्पच बसला असता. अकरा नोंदींना ही मर्यादा ३.०२ होते, तेव्हा कुठे नियमाला जेमतेम वाव मिळतो.

तयार मॅक्रो देणारा मार्गदर्शक आणि तो का चालतो हे सांगणारा मार्गदर्शक यांत फरक असतो. पहिल्या प्रकारचे मुबलक मिळतात. घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण उपाय सोपा आहे. याच नोंदींचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधले मूल्य, चुकीसह १२.४५ येतो, म्हणजे तो जवळपास हललेलाच नाही. चतुर्थक, म्हणजे खालच्या आणि वरच्या निम्म्या नोंदींची मधली मूल्ये, १२.१ आणि १२.९ आहेत, त्यांतील अंतराची दीडपट वरच्या चतुर्थकात मिळवली की मर्यादा १४.१ येते आणि १२४ तात्काळ उघडा पडतो.

मोठे प्रमाण विचलन दिसले की आउटलायर, म्हणजे इतरांपासून फार दूर पडलेली विक्षिप्त नोंद, शोधून काढून टाकायचा, हा दुसरा आततायीपणाही टाळावा. नोंदी मुळातच पसरट असतील, तर एकही विक्षिप्त नोंद नसताना प्रमाण विचलन मोठे येते. शिवाय विक्षिप्त नोंद खरीही असू शकते: २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली, तर त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३. केवळ आकडा न पटल्यामुळे ९४४ खोडणाऱ्याने मुंबईचा महापूरच कागदावरून पुसला असता. म्हणून नोंद वगळण्यापूर्वी मूळ वही मागवावी, मग ती आणायला दोन दिवस का लागेनात.

मी मागवली, तेव्हा वहीत १२.४ स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. अहवाल दुरुस्त झाला. तो मॅक्रो मात्र त्या कार्यालयात अजूनही तसाच चालतो, असे ऐकते.