कपाशीच्या परागकणाचं घनफळ आणि पृष्ठफळ काढायचं कसं

गोल वस्तू बारीक असली म्हणून सूत्र काही वेगळं नसतं भो, घोळ होतो तो मोजण्यात. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला कपाशीची कमी नाही, म्हणून तिचाच परागकण घ्या. सकाळी उमललेलं पांढरट फूल आणा (गुलाबी झालेलं नको, ते कालचं) आणि परागकण स्लाइडवर कोरडेच झटका, पाण्याचा थेंब टाकला की कण फुगून फुटतात, मग मोजणार काय!

आता ऑक्युलर मायक्रोमीटर, म्हणजे मायक्रोस्कोपच्या आयपीसमधली (डोळा लावतो त्या भिंगातली) ती पट्टी, तिच्यावर नुसत्या रेघा असतात, त्यांची किंमत आपण काढायची. त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे माप ठाऊक असलेली पट्टी कोरलेली स्लाइड, खाली ठेवायची. तिचा एक भाग ०.०१ मिमी म्हणजे १० मायक्रॉन, आणि समजा १०एक्स ऑब्जेक्टिव्हला (वस्तूजवळचं दहापट मोठं दाखवणारं भिंग) दोन्हीचे ५० भाग बरोबर एकमेकांवर बसले तर ऑक्युलरचा एक भागही १० मायक्रॉनचा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे परत करायचं. मी एकदा ४०एक्सवर गेलो अन् आकडा १०एक्सचाच वापरला, व्यास चौपट आला आणि घनफळ ६४ पट, सर नुसते बघत राहिले.

कणावर काटे असतात ते सोडून आतला गोळा मोजा, आडवा आणि उभा दोन्हीकडून, फार फरक आला तर तो कण गोल नाही, सोडून द्या. काट्यांमुळे खरं पृष्ठफळ आपल्या हिशोबापेक्षा जास्तच असतं.

समजा व्यास १०० मायक्रॉन आला. त्रिज्येच्या भानगडीत न पडता असं करा:
पृष्ठफळ = पाय (π, ३.१४१६) × व्यासाचा वर्ग = ३१,४१६ चौरस मायक्रॉन
घनफळ = पाय × व्यासाचा घन ÷ ६ = ५,२३,५९९ घन मायक्रॉन, म्हणजे साधारण अर्धा नॅनोलिटर.

बरेच कण मोजले तर व्यासांची सरासरी काढून तिचा घन करू नका. ८० आणि १२० ची सरासरी १०० च येते, पण दोघांची घनफळं वेगवेगळी काढून सरासरी घेतली तर १२ टक्के जास्त भरते.

शेवटी पृष्ठफळाला घनफळाने भागा, उत्तर ६ ÷ व्यास एवढंच यायला पाहिजे, इथे ०.०६. एक मायक्रॉनच्या गोल जिवाणूचं तेच ६ येतं, शंभरपट. नाही जुळलं तर कुठेतरी व्यासाच्या जागी त्रिज्या घुसली असेल.