शेंझेनमध्ये आलात? आधी तिसऱ्या परतायला शिका

चीनमधल्या शेंझेन शहरात नवीन आलेल्या आपल्या माणसांना सिमकार्ड आणि बँकेचं खातं झालं की मी लगेच सांगते, घराजवळची मंडई शोधा आणि तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणा. इथे त्यांना 'हुआजिया' म्हणतात. शिंपल्यावर नागमोडी रेघा असतात. आपल्या मालवणच्या तिसऱ्यांची सख्खी नाही, तरी चुलत बहीण नक्कीच. परक्या गावात दमून घरी आल्यावर शेगडीवर पाच मिनिटांत होणारं, पोटभर, झणझणीत आणि ताजं असं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

मंडईत भाव 'जिन'चा असतो. एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम, दोघांना पुरे. विकणाऱ्या बाईंना विचारा, "तूशा ल मा?" म्हणजे वाळू टाकली का. त्या हो म्हणाल्या तरी घरी आणून भिजवाच. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, अंधाऱ्या जागी दोन तास. साध्या नळाच्या पाण्यात ठेवू नका, त्यात त्या मरतात. मी पहिल्यांदा घाईत हेच केलं होतं, आणि घासागणिक दाताखाली कचकच लागून अख्खी कढई टाकून द्यावी लागली. भिजवल्यावर शिंपल्यावर शिंपला घासून धुवा. फुटलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या काढून टाका. आपल्याकडे विळीवर उघडून एकशिपी करतात, तसं इथे नको. अख्ख्याच कढईत जातात.

आता सामान. दुकानात सोया सॉसच्या बाटल्यांपुढे नवा माणूस गोंधळतो. 'शंगचोऊ' पातळ आणि खारट, चवीसाठी. 'लाओचोऊ' दाट आणि काळा, मुख्यतः रंगासाठी. तुम्हाला शंगचोऊ हवा. सोबत 'ल्याओज्यू' ही स्वयंपाकाची वाइन, आणि 'दौची' म्हणजे खारवून आंबवलेले काळे सोयाबीन. दौचीसाठी शेंझेनच्याच ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग नावाजलेलं आहे. एक पाकीट महिनोन्‌महिने पुरतं. तिखटाला 'शाओमीला' ही बोटाच्या पेराएवढी मिरची. दिसायला गरीब, पण लवंगी मिरचीची सवय असलेल्यांनीही तीनच्या वर जाऊ नये.

खरं तर ग्वांगडोंगचं जेवण मुळात सौम्य. पण १९८० मध्ये इथे विशेष आर्थिक क्षेत्र झालं आणि हूनान, सिचुआनकडून माणसं कामाला आली, ती आपलं तिखट घेऊनच. मलाही हे परतणं शेजारच्या हूनानच्या काकूंनी शिकवलं. त्यांनी माझ्या हातातली हळदीची डबी हळूच बाजूला ठेवली होती. तुम्हीही हळद, गरम मसाला, भाजलेलं वाटण यातलं काही घालू नका. आपला मसाला निवांत परतून खुलतो, इथे तेवढा वेळच नसतो.

म्हणूनच गॅस पेटवण्याआधी सगळं हाताशी हवं. सहा लसूण पाकळ्या ठेचून, इंचभर आल्याच्या काड्या, मिरच्या तिरप्या चिरून, एक मोठा चमचा दौची धुऊन जरा चेचून. कुकरमध्ये भात आधीच झालेला असू दे. तिसऱ्या चाळणीत पूर्ण निथळू द्या, कारण घरच्या शेगडीची आंच हॉटेलइतकी नसते. ओलं आणि गार काही पडलं की कढई थंड होते, आणि मग परतणं राहतं बाजूला, नुसतं उकडणं होतं. त्याच कारणाने एका वेळी एका जिनपेक्षा जास्त टाकू नका, पाहुणे आले तर दोनदा करा.

चिमणीचा पंखा लावा. कढई धूर निघेपर्यंत तापवा, दोन मोठे चमचे तेल, मग लसूण, आलं, मिरची, दौची. अर्धा मिनिट, लसूण लाल व्हायच्या आत तिसऱ्या ओता. कडाकडा आवाज येईल. कडेने एक मोठा चमचा ल्याओज्यू सोडा, झाकण ठेवा. दीड-दोन मिनिटांनी झाकणाखाली टकटक ऐकू येते, ते शिंपले उघडत असतात. झाकण काढा, एक छोटा चमचा शंगचोऊ, चिमूटभर साखर, आणि मिळाली तर तुळशीच्या कुळातल्या जांभळट 'त्झसू'ची मूठभर पानं हाताने फाडून. दोनदा वरखाली करा, गॅस बंद. अजून एक मिनिट ठेवलंत तर मांस रबरासारखं होतं.

मीठ घालू नका. तिसऱ्यांचं पाणी, दौची, सॉस सगळंच खारट असतं, बाजारातल्या बऱ्याच ल्याओज्यूतही मीठ असतं. न उघडलेल्या शिंपल्या जोर लावून उघडू नका, फेकून द्या. तळाशी जो काळसर रस साचतो तो मात्र टाकू नका. गरम भातावर चमच्याचमच्याने घ्या आणि शिंपल्या हातानेच चोखा, इथेही कोणी काही म्हणत नाही.