मिरचीला शेणखत आणि युरिया: दोन्हींचा हिशेब एकाच वहीत

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर, उमरेड, कुहीकडच्या काळ्या भारी जमिनीत ओलिताच्या मिरचीला एकरी ४० किलो नत्र (नायट्रोजन), २० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि २० किलो पालाश (पोटॅश) लागते. बरेच जण शेणखत टाकतात आणि वरून युरियाही पूर्ण देतात. मग झाड पालेदार होते, फूल गळते, आणि कोवळ्या पानांवर फुलकिडे व कोळी येऊन चुरडा-मुरडा (पाने आकसून वळणे) वाढतो.

८ टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण ४० किलो नत्र असते, पण पहिल्या हंगामात त्यातले पावच, म्हणजे १० किलोच्या आसपास, पिकाला मिळते. तेही हळूहळू. म्हणून पूर्ण ४० किलो नत्रासाठी लागणारा ८७ किलो युरिया ६५ वर आणायचा, पण कपात शेवटच्या हप्त्यांत करायची. लावणीनंतर १० दिवसांनी ३० किलो, महिन्याने २० आणि फुलोऱ्यात १५. पहिला हप्ता कापला तर रोप बसकेच राहते, कारण तोवर शेणखत नत्र सोडायला लागलेले नसते.

शेणखत किंवा नाडेप खत (विटांच्या हवेशीर टाक्यात कुजवलेले कंपोस्ट) लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी, शेवटच्या वखरणीला मातीत मिसळावे. अर्धकच्चे शेण अजिबात नको. ते कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेते, शिवाय हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तण सोबत आणते. सावलीत खत उकरून हाताला गरम लागले, तर ते अजून तयार नाही.

स्फुरदासाठी १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पालाशासाठी ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश लावणीच्या वेळी ओळीतच द्यावे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत मोकळे फेकलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते. सुपर फॉस्फेट दुप्पट-तिप्पट शेणखतात कालवून दिले तर हे बरेच टळते. झिंक सल्फेट (माती परीक्षणात कमतरता निघाली तर एकरी १० किलो) मात्र सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नये, दोन्ही एकमेकांना अडकवतात. ते वेगळ्या शेणखतात मिसळून द्या.

मर रोगासाठी २.५ किलो ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) १०० किलो ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा, मग ओळीत टाका. रासायनिक खताच्या थेट संपर्कात ती बुरशी मरू शकते, म्हणून दोन्हींत आठ दिवसांचे अंतर ठेवा.

युरिया खोडापासून चार बोटे दूर टाकून लगेच मातीआड करावा. उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो, खोडाला लागला तर रोप जळते.

श्रावणात पाणी साचून पाने पिवळी पडली, तर युरियाच्या पोत्याला हात लावण्याआधी चर काढून पाणी बाहेर काढा. पाण्यात गुदमरलेली मुळे खत घेऊच शकत नाहीत. वाफसा आला (माती बेताची ओली झाली), डवरणी (ओळींमधली मशागत) झाली, आणि तरीही खालची पाने पिवळीच राहिली, तरच ठरलेला हप्ता द्यावा.