तोंड न उघडणाऱ्या पेशंटसाठी ट्यूबची तयारी

सोलापुरात अवघड श्वासमार्ग, म्हणजे भूल देताना श्वासनळीत ट्यूब घालायला कठीण पेशंट, म्हटलं की आधी तोंड आखडवणारा मावा आणि गुटखा आठवतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण दोन बोटंही आत न जाणारी तोंडं मोहोळ-अक्कलकोटकडून अजून येतातच.

आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. मान मागे किती जाते, कोणती नाकपुडी मोकळी आहे, आडवं झाल्यावर घुसमटतं का, आवाज बदललाय का, रेडिएशन झालंय का, तेही बघून-विचारून घ्या. सीटी स्कॅन काढला असेल तर रिपोर्टवर न थांबता फिल्म पाहा. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा ट्यूबचा नंबर (आतला व्यास, मिलिमीटरमध्ये) ठरवते. पुरुषाला ८, बाईला ७ हा हिशेब इथे चालत नाही.

मग सर्जनला फोन. गालाच्या कॅन्सरला बहुधा ट्यूब नाकातूनच लागते. पुरुषाला ६.५ किंवा ७, बाईला ६ किंवा ६.५ काढा आणि अर्धा नंबर लहान शेजारी ठेवा. नॉर्थ पोल (नाकातून टाकायची, आधीच वळण दिलेली ट्यूब) कपाळाकडे वळते, सर्जनला मैदान मोकळं मिळतं. पण तिचं वळण ठरलेल्या लांबीवर असल्यामुळे उंच माणसाला लहान नंबर तोकडा पडतो. फ्लेक्झोमेटॅलिक (भिंतीत तारेची गुंडाळी असलेली ट्यूब) दुमडत नाही, स्कोपवरून, म्हणजे बारीक लवचिक दुर्बिणीवरून, छान सरकते. मात्र पेशंटने एकदा चावली की चपटी ती चपटीच. स्वरयंत्राजवळ गाठ असेल तर एमएलटी (स्वरयंत्राच्या ऑपरेशनची ट्यूब) ५ घ्या: नळी बारीक, लांबी आणि कफ (टोकाजवळचा फुगा) मोठ्या माणसाचा. मुलांची ५ नंबरची तिच्या जागी घेऊ नका, ती आखूड पडते.

जागेपणी स्कोपने टाकायची असेल तर ट्यूब आणि स्कोप यांत फार फट नको. फट मोठी असली की ट्यूबची कड एरिटेनॉइडवर (स्वरयंत्राच्या मागच्या कूर्चेवर) अडते. अडली तर रेटू नका. थोडी मागे घ्या, घड्याळाच्या उलट ९० अंश फिरवा. नाकात झायलोमेटॅझोलिन (नाक मोकळं करणारे थेंब) आधीच. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची जेली, स्प्रे, नेब्युलायझर सगळं मिळून किलोमागे ९ मिलिग्रॅमच्या आत. हा हिशेब कागदावरच करा.

सक्शन, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी), व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र दाखवणारा कॅमेरा), कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) हे नेहमीचंच. पण तोंडच उघडत नसेल तर एलएमएचा (तोंडातून स्वरयंत्रावर बसवायच्या मास्कचा) आधार कागदावरच राहतो, म्हणून मानेचा मार्ग, म्हणजे मानेला छेद देऊन ट्यूब घालणं, खरोखर तयार हवा: १० नंबरचं ब्लेड, बूजी, कफवाली ६ ची ट्यूब, सगळं एकाच ट्रेमध्ये उघड्यावर. क्रिकोथायरॉइड पडद्यावर (जिथे हा छेद घ्यायचा तिथे, मानेच्या पुढच्या बाजूला) पेनने खूण भूल द्यायच्या आधीच करा, आणि ब्लेड कोण उचलणार तेही तेव्हाच ठरवा.

ट्यूब कधी काढायची, याचंही आजच बोलून घ्या. सूज येणार असेल तर रात्रभर तशीच ठेवावी लागेल; आयसीयूत खाट सांगून ठेवा आणि नातेवाइकांना संध्याकाळीच समजावा. नाहीतर उद्या बाहेर "मशीनवर ठेवलंय" एवढंच पोहोचतं आणि गावाकडून जीप भरून माणसं येतात.