गळका वेडर घरच्या घरी दुरुस्त करताना: आधी कापड ओळखा, मग गम आणा

छातीपर्यंतचा गमबूट, म्हणजे दुकानदार ज्याला वेडर म्हणतात तो, गळायला लागला की पहिली धाव सायकलच्या दुकानाकडे जाते. ट्यूबचे ठिगळ, सोल्यूशनची नळी, पाच मिनिटांत काम फत्ते. आठवड्याभरात ते ठिगळ कडेने उचलते आणि पायमोजे पुन्हा ओले होतात. कारण साधे आहे. ट्यूब रबराची असते, तर स्वस्तातले वेडर बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू वर झिरपते आणि रबर सोल्यूशनचा थर ढिला करते.

म्हणून आधी कापड ओळखा. वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे खराब झाले तरी चालेल अशा जागी, अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब टाका आणि बोटाने चोळा. पृष्ठभाग चिकट झाला तर पीव्हीसी. चिकटला नाही, ताणला की परत येतो आणि ट्यूबसारखा वास येतो, तर रबर. स्पंजासारखा जाड आणि दाबला की फुगून येणारा असेल तर निओप्रीन.

रबराला सायकलचेच ठिगळ आणि सोल्यूशन उत्तम. निओप्रीनला चप्पल दुरुस्तीवाले वापरतात तो पिवळसर रबर गम चालतो. फाटलेल्या दोन्ही कडांना गम लावून दहा मिनिटे थांबा आणि कड कडेला भिडवून दाबा. पीव्हीसीला मात्र पीयू (पॉलीयुरेथेन) गमच हवा. चप्पल-बुटांचे सामान विकणाऱ्या दुकानात मागा, लहान डबी पुरते. पाइपाचे सोल्यूशन, फेविक्विक, एम-सील यांच्या वाटेला जाऊ नका. तिन्ही वाळल्यावर कडक होतात आणि गुडघा वाकला की तडकतात. सिलिकॉन तर त्याहून वाईट, एकदा लागले की त्या जागेवर पुढे दुसरा कोणताच गम बसत नाही.

पीव्हीसीच्या ठिगळासाठी ट्रकवर टाकतात ती जाड पीव्हीसी ताडपत्री शोधा, कापलेला तुकडा चालतो. ती नाही मिळाली तर जुन्या फ्लेक्स बोर्डाचा तुकडा, न छापलेली बाजू गमाकडे. पण फ्लेक्सचे थर सुटू शकतात, म्हणून तो गुडघ्यावर किंवा जांघेत नको. शेततळ्याचा कागद आणि निळी-पिवळी प्लास्टिकची ताडपत्री शिवारात कितीही पडलेली असली तरी ती घेऊ नका. ते पॉलिथिन, त्याला कोणताच घरगुती गम धरत नाही.

आता भोक शोधायचे. रात्री दिवे बंद करून वेडरच्या आत मोबाइलचा टॉर्च फिरवा. बाभळीच्या काट्याचे, गळाच्या टोकाचे किंवा चिलापीच्या पाठीवरच्या काट्याचे भोक सुईएवढ्या प्रकाशाच्या ठिपक्यासारखे दिसते. टॉर्चने न दिसणारी गळती बहुधा जोडावर असते. त्यासाठी वेडर दोरीवर टांगा आणि एकेका पायात गुडघ्यापर्यंतच पाणी भरा, वरपर्यंत भरले तर वजनाने जोडच ताणतो. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसत जा, ओल कुठे उगवते ते बघा आणि खडूने गोल करा.

मग साबणाने धुवा आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळवा, उलटासुलटा करून. ओल राहिली तर पुढचे सगळे वाया जाते. त्याच कारणाने पावसाळी दमट दिवशी हे काम काढू नका. गमातले द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरते आणि थर पांढुरका होतो. मे महिना किंवा दिवाळीच्या सुमाराची कोरडी दुपार चांगली.

ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन ते अडीच सेंटीमीटर मोठे कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आधी उचलतो. ठिगळ नेहमी बाहेरून लावा, म्हणजे पाण्याचा दाबच ते दाबून धरतो. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग हलकेच घासा. चकाकी जाऊन राखट दिसू लागले की थांबा, कापडाचा धागा दिसला म्हणजे जास्त झाले. बारीक चुरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जेल सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असते. थिनरही नको, पीव्हीसी विरघळवतो.

आत लाकडी फळी सरकवा. दोन्ही बाजूंना गमाचा पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटे थांबा, दुसरा थर द्या आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. मग हेअर ड्रायरने दोन्ही थर मिनिटभर गरम करा, पीयू गम उष्णतेने जागा होतो. ठिगळ एका कडेपासून टेकवत न्या आणि लाटण्याने मधून बाहेर लाटा. खाली बुडबुडा राहिला तर तो पुढे कडेपर्यंत वाट काढतो. वर वजन ठेवून चोवीस तास हात लावू नका. काम मोकळ्या हवेत करा, गमाची वाफ डोके दुखवते आणि पेट घेते, चूल-सिगारेट लांब ठेवा.

बूट आणि पाय यांचा जोड सगळ्यात त्रास देतो, कारण तिथे सपाट ठिगळ बसत नाही. बूट कागदाने गच्च भरा, जोडावर तीन-चार सेंटीमीटर रुंद पट्टी थोडी ओढून गुंडाळा, टोके दोन बोटे एकावर एक घ्या आणि कडांवर गमाचा आणखी एक थर ओढा. सुईएवढ्या भोकाला ठिगळाची गरज नाही, घासून पुसून गमाचे तीन पातळ थर पुरतात.

चाचणी दोनशे लिटरच्या प्लास्टिक ड्रममध्ये घ्या, पायात कोरडा कागद घालून. शेततळ्यात उतरू नका, तळ्याचा ओला प्लास्टिक कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. कोयनेचा विसर्ग चालू असताना कृष्णेतही नको. आणि कमरेला पट्टा बांधल्याशिवाय वेडर घालून वाहत्या पाण्यात जायचेच नाही. पाय घसरला तर वरून पाणी भरते, पट्टा ते अडवतो.

घरी आणल्यावर उन्हात वाळत घालू नका, घडी घालून कोपऱ्यातही टाकू नका. उन्हाने पीव्हीसी कडक होते, घडीच्या रेषेवरच पुढची चीर पडते आणि कोपऱ्यात उंदीर कुरतडतात. बूट वर, छाती खाली असा सावलीत टांगून ठेवा.